मूल झोपेत दात खातं: काय आधी तपासायचं, काय नंतर

रात्री बारा-एकच्या सुमारास शेजारी झोपलेल्या मुलाच्या तोंडातून करकर आवाज येतो, जात्यात खडा सापडावा तसा. आईबाप दचकून उठतात आणि दुसऱ्या दिवसापासून ठरलेला क्रम सुरू होतो. आधी मेडिकलमधून जंतांची गोळी. ती लागू पडली नाही की कॅल्शियमचं सिरप. मग कुणीतरी सुचवलेलं, ऑनलाइन मागवलेलं प्लॅस्टिकचं कवच. यात पाच-सहा महिने गेले की दातांचा दवाखाना. लहान मुलांचे दात तपासताना हाच क्रम मी घरोघरच्या पालकांकडून ऐकत आले आहे, आणि त्यात जी गोष्ट सगळ्यात आधी बघायला हवी ती बहुतेक वेळा बघितलेलीच नसते: मूल झोपेत श्वास कसा घेतं.

झोपेत दात खाणाऱ्या बहुतेक मुलांना कुठलंही औषध लागत नाही. दुधाचे दात पडून कायमचे येता येता, पौगंडावस्थेपर्यंत सवय बऱ्याच जणांची आपोआप सुटते. थोड्या मुलांत मात्र यामागे नाक-घशातला अडथळा, एखादं औषध किंवा मनावरचा ताण असतो. ती मुलं ओळखता यावीत म्हणून पुढच्या पायऱ्या आहेत. त्या दिलेल्या क्रमानेच करा.

हे साधारण दीड ते दहा वर्षांच्या मुलांसाठी आहे. नुकतेच पुढचे दात आलेलं बाळ जागेपणी दातावर दात घासून बघतं, ते वेगळं. नव्या दातांची ओळख झाली की थांबतं. सेरेब्रल पाल्सी किंवा डाऊन सिंड्रोम असलेली मुलं दिवसाही दात खाऊ शकतात. त्यांच्याबाबत घरी प्रयोग न करता नेहमीच्या डॉक्टरांशीच बोला.

तयारी: काय जवळ ठेवायचं

एक वही, मोबाइल, छोटा टॉर्च, आणि मूल सध्या घेत असलेल्या सगळ्या औषधांची यादी. यादीत सर्दी-खोकल्याची सिरपंही लिहा. चंचलतेसाठी किंवा मनाच्या आजारासाठी दिलेल्या काही गोळ्यांनी दात खाणं सुरू होतं किंवा वाढतं. मुलाला अशी गोळी चालू असेल तर ती कधी सुरू झाली आणि दात खाणं कधीपासून ऐकू येतं, या दोन तारखा शेजारी शेजारी लिहा.

> सावधान: संशय आला म्हणून अशी गोळी स्वतःहून बंद करू नका. लिहून दिलेल्या डॉक्टरांना विचारा. मात्रा किंवा वेळ बदलूनही कधी कधी भागतं.

पायरी १: आवाज आला त्या रात्री

काहीही करू नका. मुलाला हलवून जागं करू नका, जबडा धरून ठेवू नका, दातांमध्ये रुमाल किंवा बोट घालू नका. रुमालाने श्वास अडू शकतो आणि बोटाला कडकडून चावा बसतो.

झोप गाढ झोपेकडून हलक्या झोपेकडे येते तेव्हा मेंदू क्षणभर अर्धवट जागा होतो. मूल कूस बदलतं, श्वास थोडा बदलतो आणि चावण्याचे स्नायू आवळले जातात. दात एकमेकांवर घासतात ते याच वेळी, बहुधा काही सेकंदच. तुम्ही जागं केलंत तर झोप आणखी तुटते, म्हणजे दात खायला आणखी निमित्त मिळतं. फारच आवाज येत असेल तर हलक्या हाताने कुशीवर वळवा, तेवढं पुरे.

सकाळी मुलाला "काल किती दात खाल्लेस!" म्हणून सांगू नका आणि पाहुण्यांसमोर नक्कल तर मुळीच नको. त्याला त्यातलं काहीही आठवत नसतं, आपलं काहीतरी चुकतंय एवढंच त्याला कळतं.

पायरी २: दोन आठवडे वहीत नोंद

रोज चार गोष्टी, प्रत्येकी एका ओळीत: झोपण्याची वेळ, उठण्याची वेळ, दात खाण्याचा आवाज आला का, घोरणं ऐकू आलं का. त्या दिवशी काही वेगळं घडलं असेल, म्हणजे ताप, सर्दी, प्रवास, शाळेत मारामारी, तर तेही लिहा.

दोनच रात्रींवरून निष्कर्ष काढणं ही इथली नेहमीची चूक. दात खाणं रोज सारखं नसतं; आठवडाभर गायब होतं आणि पुन्हा येतं. म्हणूनच मधल्या काळात दिलेलं कुठलंही औषध "लागू पडलं" असं वाटतं.

पायरी ३: श्वास बघा

इथे घाई करू नका, सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आहे.

साधारण २ ते ८ वर्षांच्या वयात टॉन्सिल आणि नाकाच्या मागची ॲडेनॉइडची गाठ घशातल्या जागेच्या मानाने मोठी असते. ती फार वाढली की झोपेत हवेची वाट अरुंद होते, श्वास अडतो, मेंदू पुन्हा पुन्हा अर्धवट जागा होतो आणि त्यासोबत दात घासले जातात. अशा मुलाचा अडथळा दूर झाला की दात खाणंही बऱ्याचदा कमी होतं. गोळ्या-सिरपांत वेळ गेला तर हेच मूल कित्येक महिने अपुऱ्या झोपेवर शाळेत जात राहतं.

व्हिडिओ असा घ्या:

१. सर्दी नसलेली रात्र निवडा. सर्दीत बरीच मुलं घोरतात.

२. पंखा मंद ठेवा किंवा मोबाइल पंख्याच्या झोतापासून दूर ठेवा. नाहीतर रेकॉर्डिंगमध्ये फक्त घरघर ऐकू येते आणि डॉक्टरांना काहीच कळत नाही.

३. मंद दिवा लावा. मुलाचा चेहरा, छाती आणि पोट तिन्ही एका चौकटीत येऊ द्या. पांघरूण बाजूला आणि बनियन छातीवर सरकवलेलं असेल तर उत्तम.

४. दोन-तीन मिनिटांचे तुकडे घ्या: एक झोप लागल्यावर तासा-दीड तासाने, आणि एक पहाटे चार ते सहाच्या दरम्यान.

पहाटेचा तुकडा बहुतेक पालक टाळतात, आणि नेमका तोच उपयोगी असतो. मुलांचा श्वास अडतो तो जास्त करून स्वप्नं पडणाऱ्या झोपेत, आणि ती झोप रात्रीच्या शेवटच्या भागात जास्त असते. रात्री दहाला शांत झोपलेलं मूल पहाटे पाचला धापा टाकत असू शकतं. गजर लावून एकदाच उठा.

व्हिडिओत काय शोधायचं? आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री घोरणं. तोंड उघडं ठेवून श्वास. मान मागे टाकून झोपणं. छाती आत ओढली जाताना पोट वर येणं. मध्येच श्वास थांबून मग दचकल्यासारखा जोरात श्वास. थंडीच्या दिवसांतही घामाने भिजलेली उशी. दिवसाची लक्षणं वेगळी जोडा: सकाळी डोकं दुखणं, वर्गात पेंगणं किंवा उलट अती चिडचिड आणि चंचलपणा, आणि आधी बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होणं.

एका आईने मला मुलीचे दात खातानाचे व्हिडिओ दाखवले होते. आवाज स्पष्ट होता, पण मी ऐकत होते ते दोन करकरींच्या मधलं. प्रत्येक करकरीच्या आधी छाती दोनदा-तीनदा खाली ओढली जात होती आणि आवाज शून्य होता. आईला वाटत होतं की त्या क्षणी मुलगी शांत झोपली आहे.

> तपासणी: वरच्यापैकी काहीही दिसलं तर पुढच्या पायऱ्यांसाठी थांबू नका. व्हिडिओ घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. "टॉर्चने घसा बघितला, टॉन्सिल ठीक आहेत" एवढ्यावर परत येऊ नका. ॲडेनॉइड तोंडातून दिसत नाही. त्यासाठी मानेचा बाजूने काढलेला एक्स-रे किंवा नाकातून दुर्बीण लागते. गरज पडली तर झोपेची तपासणी सांगतील.

घरात कुणी सिगरेट-विडी ओढत असेल तर ती खोलीबाहेर नव्हे, घराबाहेर जायला हवी. धुरात राहणाऱ्या मुलांत दात खाणं जास्त आढळतं. नाक सतत चोंदलेलं असेल तर मुलाच्या खोलीत मच्छर कॉइल आणि उदबत्तीही नको, मच्छरदाणी लावा.

> वेगळाच धोका: दात खाताना अंग ताठ होणं, एका बाजूचे हातपाय किंवा चेहरा झटके देणं, डोळे एकीकडे वळणं, हाक मारून-हलवूनही मूल भानावर न येणं. ही फिट असू शकते. मुलाला कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका, झटके पाच मिनिटांपेक्षा जास्त चालले तर लगेच दवाखान्यात न्या. शक्य झालं तर घरातल्या दुसऱ्या माणसाने व्हिडिओ घ्यावा.

पायरी ४: दात आणि जबडा, दिवसा उजेडात

मुलाला खिडकीकडे तोंड करून मांडीवर आडवं घ्या. रात्री बल्बच्या प्रकाशात बघू नका, सगळेच दात पिवळे दिसतात.

आधी सुळे बघा. दुधाच्या सुळ्याला टोक असतं. दात खाणाऱ्या मुलाचं ते टोक झिजून सपाट होतं, सुरीने काप मारल्यासारखं. मग दाढांचे उंचवटे. झिजलेल्या जागेच्या मधोमध पिवळसर ठिपका किंवा छोटी वाटी दिसत असेल तर वरचं कठीण इनॅमल जाऊन आतलं डेंटिन उघडं पडलं आहे. दुधाच्या दातांवरचं इनॅमल मुळातच पातळ असतं, त्यामुळे हे लवकर घडतं. बऱ्याचदा दुखत नाही. थंड पाणी लागतं, आंबट खाताना मूल तोंड वाकडं करतं किंवा एकाच बाजूने चावतं, असं असेल तर दंततज्ज्ञांकडे जायचं.

मग दोन्ही गालांवर, जबड्याच्या कोपऱ्याजवळ बोटं ठेवा आणि मुलाला दात आवळायला सांगा. स्नायू टणक लागणं साहजिक आहे. दाबल्यावर "दुखतं" म्हणाला, किंवा सकाळी उठल्यावर तोंड पूर्ण उघडत नाही, कानाजवळ दुखतं, असं असेल तर नोंद करा. कान दुखतो म्हणून थेंब टाकत राहण्याआधी हे तपासाच.

इथे पालकांच्या दोन गफलती होतात. सहा-सात वर्षांच्या मुलाचे पुढचे नवे कायमचे दात करवतीसारख्या नागमोडी धारेचे असतात. दात खाऊन ते तुटलेले नाहीत, नवे दात असेच येतात आणि ती धार खाता खाता सपाट होते. ते शेजारच्या दुधाच्या दातांपेक्षा पिवळटही दिसतात, तेही नैसर्गिक आहे. दुसरी गफलत उलट दिशेची: सहाव्या वर्षाच्या आसपास शेवटच्या दुधाच्या दाढेमागे पहिली कायमची दाढ येते. कुठलाही दात न पडता आल्यामुळे तिला घरातले दुधाचीच समजतात आणि झिजली किंवा किडली तरी "पडणारच आहे" म्हणून सोडून देतात. ती पडणार नाही. आयुष्यभर चावायचं ते तिच्यावरच. सहा वर्षांच्या पुढच्या मुलात ही दाढ दरवेळी आवर्जून बघा.

आवाजाचा आणि झिजेचा मेळ बसेलच असं नाही. खूप करकर करणाऱ्या मुलाचे दात धड असू शकतात, आणि आवाज न करता दात नुसते आवळून धरणाऱ्याच्या दाढा सपाट झालेल्या असू शकतात.

झिजलेल्या दातांना आंबटाने जास्त इजा होते. चिंचेच्या गोळ्या, कोला, दिवसभर थोडं थोडं पिणं चाललेलं लिंबू सरबत कमी करा. आंबट खाल्ल्यावर लगेच ब्रश करू नका. पाण्याने चूळ भरायला लावा आणि अर्ध्या तासाने ब्रश. रात्रीचा ब्रश फ्लोराइड असलेल्या पेस्टनेच: तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी.

पायरी ५: जंतांचं काय?

दात खातो म्हणजे जंत झालेत, ही समजूत घराघरांत पक्की आहे. जंत आणि दात खाणं यांचा थेट संबंध ठामपणे सिद्ध झालेला नाही. जंत असलेली मुलं दात खाऊ शकतात आणि नसलेलीही खातात. दोन्ही गोष्टी लहान मुलांत सर्रास आढळतात, त्यामुळे त्या एकत्र दिसणं फारसं नवलाचं नाही. आजी सांगतात म्हणून त्यांच्याशी वाद घालू नका. जंत आहेत का ते सरळ तपासा.

रात्री गुदद्वाराजवळ खाज येऊन मूल चुळबुळ करत असेल तर सुतासारखे बारीक पांढरे कृमी असू शकतात. त्यांच्या माद्या रात्री बाहेर येऊन अंडी घालतात. झोप लागल्यावर दोन-तीन तासांनी टॉर्चच्या उजेडात बघितलं तर हलताना दिसतात. नाही दिसले तर सकाळी शौचाला जाण्याआधी, अंग धुण्याआधी, पारदर्शक चिकटपट्टी त्या जागेवर दाबून काढा आणि काचपट्टीवर चिकटवून लॅबमध्ये द्या. एकदा काही सापडलं नाही तर तीन सकाळी ओळीने करा.

कृमी सापडले तर डॉक्टर घरातल्या सगळ्यांना औषध देतात आणि साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा देतात, कारण पहिल्या मात्रेने अंडी मरत नाहीत. नखं कापणं, चादरी-चड्ड्या गरम पाण्यात धुणं आणि सकाळीच आंघोळ घालणं त्याच दिवसापासून सुरू करा.

काहीच सापडलं नाही तर वेगळी गोळी शोधू नका. १ ते १९ वर्षांच्या मुलांना राष्ट्रीय जंतनाशक दिनी, साधारणपणे १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला, अंगणवाडीत आणि शाळेत अल्बेंडाझोल मोफत मिळतं: दोन वर्षांच्या आत २०० मिलिग्रॅम, त्यापुढे ४०० मिलिग्रॅम. मुलाने ते घेतलं का हे शाळेत विचारा आणि वहीत लिहा. शाळेत एक, घरी एक, गावी गेल्यावर काकूंनी एक, अशी तीनदा गोळी घेतलेली मुलं मी बघितली आहेत.

> सावधान: लहान मुलाला गोळी अख्खी गिळायला देऊ नका, चुरून पाण्यासोबत द्या. मूल रडत असताना नाक दाबून देणं धोक्याचं आहे, गोळी श्वासनलिकेत जाऊ शकते.

कॅल्शियमच्या सिरपने दात खाणं थांबत नाही. कमतरता तपासणीत दिसली तरच, डॉक्टर सांगतील तेवढं द्या.

पायरी ६: झोपेआधीचे दोन तास

आधी एकूण झोप मोजा. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारच्या झोपेसह १० ते १३ तास लागतात, सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास. आईबाप नऊला घरी पोहोचतात, जेवण दहाला, झोप अकराला आणि शाळेची बस सकाळी सातला: या हिशेबात पाच वर्षांचं मूल रोज कमी झोपतं. पंधरा-पंधरा मिनिटांनी वेळ अलीकडे ओढा, एकदम तासभर नको.

संध्याकाळचा चहा बंद. चहात बुडवलेली चपाती किंवा खारी हे बऱ्याच घरांत मुलांचं नेहमीचं खाणं असतं. त्याऐवजी दूध द्या. कोला आणि कॉफीही दुपारनंतर नको. मोबाइल-टीव्ही झोपण्याच्या किमान तासभर आधी बंद. जेवण आणि झोप यांत दीड-दोन तास ठेवा, विशेषतः मुलाला रात्री आंबट ढेकर किंवा घशात जळजळ होत असेल तर.

क्रम रोज तोच ठेवा: कोमट पाण्याने हातपाय धुणं, ब्रश, दिवा मंद, गोष्ट, झोप. रविवारी आणि सुट्टीतही तोच. हा बदल किमान तीन आठवडे टिकवा आणि मगच वहीतल्या नोंदी ताडून बघा.

पायरी ७: दिवसात काय बदललं?

वहीत मागे जा. जूनमध्ये शाळा सुरू झाली, नवीन भावंड आलं, आईची नोकरी सुरू झाली, घरात भांडणं चालू आहेत, आजी गावी निघून गेली: दात खाणं त्यासुमारास सुरू झालं का? लहान मूल "मला ताण आहे" म्हणत नाही. "तू का दात खातोस?" विचारून काही मिळणार नाही. "आज शाळेत डबा कोणासोबत खाल्लास?" विचारा आणि गप्प बसून ऐका. शाळेची भीती, बाथरूमला जाऊ न देणाऱ्या बाई, बसमध्ये चिडवणारा मोठा मुलगा, अशा गोष्टी डब्याच्या गप्पांतून बाहेर येतात. कारण सापडलं तर आधी ते सोडवा, दातांचं नंतर.

पायरी ८: दवाखान्यात जाताना

श्वासाचा प्रश्न नाही, पण झीज, दुखणं किंवा जबड्याचा त्रास आहे, तर बालदंततज्ज्ञांकडे जा. मुंबईत शासकीय दंत महाविद्यालय आणि नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय, तसंच नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं इथे मुलांच्या दातांचा स्वतंत्र विभाग आहे. गावात असाल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीला येतं, त्यांना वही दाखवा. पुढे कुठे जायचं ते तेच सांगतील.

सोबत वही, व्हिडिओ आणि औषधांची यादी न्या. या तीन गोष्टी असतील तर पहिल्याच भेटीत काम होतं.

रात्री लावायच्या कवचाबद्दल स्पष्ट सांगते. बाजारातलं गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचं कवच दुधाचे दात असलेल्या मुलाला लावू नका. जबडा वाढतो आहे, दात पडत-येत आहेत; आज बसलेलं कवच काही महिन्यांत घट्ट होतं, दातांची वाट अडवतं, आणि झोपेत सुटलं तर घशात जाऊ शकतं. मुलांमध्ये कवच क्वचितच लागतं. ते दंततज्ज्ञ माप घेऊन बनवतात आणि वारंवार बदलतात. दुधाची दाढ फारच झिजली असेल तर तिच्यावर स्टीलची टोपी बसवणं हा जास्त भरवशाचा उपाय आहे. स्नायू सैल करणाऱ्या किंवा झोपेच्या गोळ्या स्वतःहून मुळीच देऊ नका.

काहीच गंभीर निघालं नाही तर दर सहा महिन्यांनी दात दाखवा. दरवेळी त्याच बाजूने, त्याच उजेडात सुळ्यांचा आणि दाढांचा फोटो काढून ठेवा, म्हणजे झीज वाढते आहे का ते नुसत्या आठवणीवर सोडावं लागणार नाही. बारा-तेरा वर्षांपर्यंत सगळे दुधाचे दात पडल्यावरही दात खाणं चालू असेल, तर तपासणी पायरी ३ पासून पुन्हा करायची, कारण आता जे झिजेल ते कायमचं.